अस्सल आणि तोतया : विद्यापीठीय नियतकालिकांचा प्रश्न

कागद अस्सल कीं बनावट हें ठरविणें ही इतिहाससंशोधनाची पहिली पायरी होय. शिक्का, अक्षराचें वळण व कालनिर्देश पारखल्यावांचून आपण एकाही पत्रावर विसंबत नाहीं. हीच कसोटी आतां छापील संशोधनासही लावावी लागत आहे. ती वेळ कां आली याची हकीकत थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भांडारकर संस्थेचें नियतकालिक १९१९ सालीं व डेक्कन कॉलेजचें १९३९ सालीं निघालें. अशा पत्रांतून लेख येई तो जाणत्यांनीं वाचावा म्हणून. पुढें लेख मोजण्याचा काळ आला. २००९ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें पीएच्. डी.च्या प्रबंधापूर्वीं निदान एक लेख प्रसिद्ध असावा असें बंधन घातलें. २०१० सालीं शिक्षकांच्या निवडीस व बढतीस लेखांचे गुण जोडले. हेतु चांगला होता. परंतु जेथें ग्रंथालय तुटपुंजें व अध्यापनाचा भार मोठा, तेथील शिक्षकासही तेंच माप लागलें. मागणी वाढतांच शुल्क घेऊन थोड्या दिवसांत लेख छापून देणारीं दुकानें उघडलीं.

आयोगानें २०१७ सालीं मान्य नियतकालिकांची यादी केली, व तींत विद्यापीठांनीं सुचविलेलीं नांवेंही घेतलीं. त्यांपैकीं १,००९ नियतकालिकें पुण्यांतील अभ्यासकांनीं तपासलीं. २०१८ सालीं 'करंट सायन्स'मध्यें आलेल्या त्यांच्या लेखाप्रमाणें शेंकडा ८८हून अधिक हलक्या प्रतीचीं असावीं असें दिसलें. कित्येकांस धड पत्ता वा संपादकाचें नांव नव्हतें. कित्येकांचा आयएसएसएन क्रमांकच चुकीचा होता. हा क्रमांक केवळ ओळखीपुरता असतो, गुणवत्तेचा दाखला नव्हे, हेंही पुष्कळांस ठाऊक नसतें. त्याच वर्षीं मे महिन्यांत आयोगानें ४,३०५ नांवें काढून टाकलीं.

२०१९ सालीं 'केअर' नांवाची नवी, कडक यादी आली. तिच्या छाननीचा कक्ष पुणे विद्यापीठांतच होता. तेव्हां ठकांनीं निराळीच युक्ति काढली. यादींतील प्रतिष्ठित पत्रांचें नांव व क्रमांक उचलून त्यांनीं खोटीं संकेतस्थळें उभारलीं. ज्या जुन्या छापील पत्रांस स्वतःचें संकेतस्थळ नव्हतें, तीं यांत विशेष सांपडलीं. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचें बंड १७७६ सालीं मोडलें, हें वाचक जाणतातच. मूळ पुरुष डोळ्यांसमोर नसला कीं तोतयास माणसें मिळतात; येथेंही तेंच घडलें. भोळ्या विद्यार्थ्याचे पैसे गेले, श्रम गेले, आणि जुन्या पत्राच्या नांवास बट्टा लागला.

पीएच्. डी.पूर्वीं लेखाची सक्ति २०२२ सालीं उठली, व 'केअर' यादीही फेब्रुवारी २०२५ मध्यें बंद झाली. निवडीचा भार आतां त्या त्या संस्थेवर आहे. संपादक कोण, त्याचें स्वतःचें काम काय, लेख कोणीं तपासला, शुल्क कशाचें, मागील अंक कोठें पाहावयास मिळतात, एवढें विचारलें तरी पुष्कळ तोतये उघडे पडतील.

जुन्या संस्थांवरही एक कर्तव्य येतें. आपल्या प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका, संपादकांचीं नांवें व पत्ता त्यांनीं स्वतःच्या संकेतस्थळावर सर्वांस खुलीं ठेवावीं. आपलें दप्तर आपण लावून न ठेविलें, तर आपल्या नांवाची सनद दुसराच कोणी मिरवील, असें आम्हांस वाटतें.