घरच्या घरी आनंद

जत्रेला जायचं म्हणजे पैसे लागतात. सिनेमाला जायचं तरी पैसे लागतात. मग घरातली काही माणसं जातात, काही मागं राहतात. बहुतेक वेळा आई मागं राहते. आजी तर राहतेच. म्हणजे मजा झाली खरी, पण ती अर्ध्याच घराची झाली.

एक घर डोळ्यांपुढं आणा. घरात आजी आहे. घरधनी आहे, त्याची कारभारीण आहे. एक पोरगी आणि एक पोरगा आहे. घरधनी दिवसभर रानात राबतो. अंधार पडला की घरी येतो. हातपाय धुतो, जेवतो आणि आडवा होतो. बैलानं वैरण खाल्ली की नाही, हे त्याला ठाऊक असतं. पण पोरगी कितवीत आहे, असं कुणी विचारलं तर त्याला आठवावं लागतं.

माणूस वाईट नाही. पोरांसाठीच तो राबतो. पण पोरं त्याला भितात. तो घरात आला की गप्प होतात. हल्ली तर घरोघर मोबाईल आला. एका छपराखाली चार माणसं बसतात, आणि चौघांची तोंडं चार दिशांना!

यावर एक साधा उपाय आहे. सगळ्यांनी मिळून हातानं काहीतरी करायचं. हात कामात गुंतले की तोंड आपोआप मोकळं होतं. त्याला फार पैसा लागत नाही. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा, ज्या ऋतूत जे मिळतं, त्यातूनच करायचं. कसं करायचं, ते पाहू.

१. पावसाळा : मातीचे बैल

पावसाळ्यात बैलांचा सण येतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडं आषाढात बेंदूर असतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात श्रावणी अमावास्येला पोळा असतो. या सणाला घरात मातीच्या बैलांची पूजा होते. आता कितीतरी घरांच्या दारात बैल नाही, ट्रॅक्टर आहे. तिथंही मातीचे बैल पुजतात.

हे बैल बाजारात विकत मिळतात. पण घरी करून पाहा.

चांगली चिकण माती आणा. खडे, काड्या काढून ती चाळणीनं चाळा. पाणी घालून रात्रभर भिजू द्या. सकाळी भाकरीच्या पिठासारखी मळा. मळताना थोडी चाळलेली राख घाला. आधी अंग करा, मग चार पाय, मग वशिंड आणि मान. जोडायच्या जागी दोन्हीकडं पातळ चिखल लावा, म्हणजे सांधा पक्का बसतो. शिंगांसाठी आत बारीक काडी घाला.

बैल झाले की ते उन्हात ठेवू नका, सावलीत ठेवा. का? माती वाळताना आकसते. उन्हात वरची माती लवकर वाळते, आतली ओलीच राहते. वरची आकसते, आतली आकसत नाही. मग ओढ बसते आणि तडा जातो. सावलीत आतबाहेर हळूहळू, सारखंच वाळतं. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्याचंही कारण हेच. पोरांना हे सांगा. शाळेतला धडा अंगणातच होईल.

त्या घरी पहिल्यांदा बैल केले, तेव्हा काय झालं ऐका. पोरगा ओरडला, “आजी, शिंग मोडलं!”

कारभारीण धन्याला म्हणाली, “अवं, जरा बघा की. तुम्हाला बैलातलं कळतंय.”

धनी म्हणाला, “आण हिकडं.” त्यानं शिंग लावून दिलं. मग म्हणाला, “आरं, ह्याचं वशिंड असं नसतंय. आपल्या सर्ज्याचं बघितलंस का?” पोरगा बापाच्या मांडीला मांडी लावून बसला. पोरगीही जवळ सरकली. बापानं आपल्या लहानपणच्या बैलांची गोष्ट सांगितली. ती पोरांनी कधी ऐकलीच नव्हती.

माती फुकटची. पण त्या दिवशी पोरांची भीती मोडली.

२. हिवाळा : हुरडा

थंडी पडली, ज्वारी भरू लागली की हुरड्याचे दिवस आले. सोलापूर, बीड, अहिल्यानगर या भागात हुरड्याची मोठी आवड. त्यासाठी गूळभेंडीसारखी गोड ज्वारी शेतकरी मुद्दाम चार ओळी पेरतो.

कणीस केव्हा तोडायचं? दाणा टपोरा भरलेला हवा, पण हिरवा आणि मऊ हवा. तो का गोड लागतो? कोवळ्या दाण्यात साखर असते. दाणा पिकत जातो, तसं त्या साखरेचं पीठ बनतं. म्हणून आठ-दहा दिवस उशीर झाला की हुरड्याची गोडी गेली.

जमिनीत लहान खड्डा करा. त्यात गोवऱ्या पेटवा. जाळ शमला, निखारे झाले की कणसं आत खुपसा आणि फिरवत राहा. भाजलेलं कणीस गरम असतानाच हातावर चोळतात. दाणे मोकळे होतात. सुपात घेऊन फोलपटं पाखडून टाका. सोबत लसणाची चटणी, शेंगदाणे, गूळ आणि दही. मग बघा!

यात सगळ्यांना काम आहे. भाजायचं काम मोठ्यानं करावं. चोळायचं काम ज्याच्या हाताला घट्टे आहेत त्यानं करावं. पाखडायचं काम आजीनं पोरीला शिकवावं. सुपाचा झोका कसा द्यायचा, हे सांगून कळत नाही, हात धरूनच शिकवावं लागतं.

एक काळजी मात्र घ्या. आगटी कडब्यापासून आणि उभ्या पिकापासून लांब करा. नायलॉनच्या साडीचा पदर, पोरीची ओढणी जाळाजवळ येऊ देऊ नका. पाण्याची घागर जवळ ठेवा. उठताना निखाऱ्यांवर पाणी ओता. राखेखाली विस्तव लपतो, आणि वारा सुटला की उठतो.

कोकणात हुरडा नसतो. पण रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून ते मडकं जाळात भाजतात. पदार्थ वेगळा, पण मजा तीच. विस्तवाभोवती सगळं घर गोल बसलेलं.

३. उन्हाळा : दिवसा कुरडया, रात्री तारे

उन्हाळ्यात बायका कुरडया, पापड, सांडगे करतात. हे फक्त बायकांचंच काम, असं आपण धरून चालतो. मग एकटी बाई उन्हात घामाघूम होते. या कामात सारं घर उतरलं तर तोच सण होतो.

गहू तीन दिवस भिजत घालतात. पाणी रोज बदलतात. मग गहू वाटून, पाण्यात पिळून, गाळून घेतात. कोंडा वेगळा होतो, पांढरा चीक निघतो. भांडं रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की तळाला घट्ट चीक राहतो. साधारण जेवढा चीक तेवढंच पाणी उकळायला ठेवतात. त्यात मीठ, हिंग घालून चीक ओततात आणि गुठळी होऊ न देता हाटतात. शिजला की त्याला चमक येते. मग सोऱ्यात भरून कुरडया घालतात.

हाटायला ताकद लागते. ते काम धन्यानं करावं. सोऱ्या दाबायचं कामही त्याचंच. कडत चीक अंगावर उडतो, म्हणून लहान पोरांना चुलीपासून लांब ठेवावं. पोरांनी काठी घेऊन कावळे राखावे. राखणदारीची मजुरी म्हणून त्यांना वाटीभर गरम चीक द्यावा, दूध-साखर घालून!

कुरडई वर्षभर का टिकते? अन्न नासायला ओल लागते. ओल नसेल तर बुरशी वाढत नाही. कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवलं की ओल जाते. म्हणून डबाही कोरडा हवा आणि झाकण घट्ट हवं.

रात्री उकडतं. अंगणात अंथरूण टाका आणि वर बघा. चैत्र-वैशाखात रात्री उत्तरेकडं सात तारे ठळक दिसतात. ते सप्तर्षी. चार ताऱ्यांचा चौकोन, आणि त्याला तीन ताऱ्यांचं शेपूट. आजी त्याला बाजलं म्हणते. चौकोनाच्या चार ताऱ्यांत शेपटीपासून लांबचे दोन तारे धरा. त्यांच्या रेषेत खाली उत्तरेकडं या. त्या दोघांत जेवढं अंतर आहे, त्याच्या पाचपट पुढं एक तारा एकटाच दिसतो. तो ध्रुव. तो फार तेजस्वी नाही, पण जागा सोडत नाही. पृथ्वी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरते. तिच्या आसाचं टोक ध्रुवाकडं आहे. म्हणून बाकीचे तारे सरकताना दिसतात आणि ध्रुव तिथंच दिसतो.

शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला चिकटून एक बारीक तारा आहे, ती अरुंधती. कुणाला दिसते, कुणाला नाही, अशी पैज लावा. एकदा त्या घरी आजी म्हणाली, “मला कुठली दिसतीया अरुंधती? मला तर चांदबी धुरकट दिसतो.” आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ती कुणाला बोलली नव्हती, आणि कुणी विचारलंही नव्हतं. धनी दुसऱ्याच आठवड्यात तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. मोतीबिंदू औषधाचे थेंब घालून जात नाही. पण शस्त्रक्रिया केली की पुन्हा दिसू लागतं. ताऱ्यांचा खेळ खेळले नसते, तर घराला कळलं असतं का?

४. एक वही करा

शेवटची एक गोष्ट. आता तुम्हाला लिहिता येतं. एक वही करा. प्रत्येक ऋतूत काय केलं, कसं केलं, ते तिच्यात लिहा.

त्या घरी कुरडयांच्या वेळी कारभारणीनं विचारलं, “आत्याबाई, पाणी किती घालू?”

सासू म्हणाली, “येवढं.” आणि तिनं हात दाखवला.

सुनेनं तेवढं पाणी भांड्यानं मोजलं. चीकही मोजला. मग पदराला हात पुसून वहीत लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. पोरगी शेजारी बसली होती. तिनं एक वेलांटी दुरुस्त करून दिली.

आजीचा हात उद्या असेल, नसेल. त्या हातातलं माप आता वहीत आहे. पुढं ती पोरगी सासरी जाईल, तेव्हा ते माप तिच्याबरोबर जाईल.

तुमच्या घरात कुणाच्या हातात काय आहे? आज रात्री जेवण झाल्यावर विचारा, आणि लिहून ठेवा.