फॉरमॅट मारला की झालं

ऑफिसातला संगणक वरचेवर बंद पडायला लागला की पहिला संशय व्हायरसवर जातो आणि दुसरा, त्यावर शेवटचं कोण बसलं होतं त्याच्यावर. मग फॉरमॅट मारतात. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नाशिकला सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांत दुरुस्तीला जाताना हे इतक्यांदा ऐकलंय की, मशीन उघडायच्या आधी मी एवढंच विचारतो : आतापर्यंत काय काय करून झालं?

सातपूरच्या एका टर्निंगच्या युनिटमध्ये बिलिंगचा संगणक दिवसातून तीन-चारदा आपोआप रीस्टार्ट व्हायचा. टॅलीत बिल अर्धं भरलेलं असायचं आणि स्क्रीन काळी. आधी येऊन गेलेल्यांनी विंडोज नव्याने टाकलं होतं, रॅम बदलली होती, शेवटी संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएससुद्धा. दर वेळी मशीन थोडं चाललं, म्हणून दर वेळी दोष सापडला असं सगळ्यांना वाटलं. अकाउंट्सच्या ताईंचा राग मात्र पेनड्राइव्ह लावणाऱ्या सुपरवायझरवर होता.

विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लाल खुणांपुढे कर्नल-पॉवर, क्रमांक 41. नावात पॉवर आहे म्हणून एसएमपीएस बदलला गेला होता. खरं तर ही नोंद एवढंच सांगते की, आधीच्या खेपेला विंडोज रीतसर बंद झालं नाही. वीज गेली, मशीन गोठलं किंवा कुणी बटण दाबून धरलं, तरी नोंद तीच पडते. कारण तिच्यात नसतं. उपयोगाची असते ती 6008 क्रमांकाची नोंद. मशीन किती वाजता गेलं ते तिच्यात मिळतं. त्या वेळा कागदावर उतरवल्या. जेवणाच्या सुट्टीत एकदाही नाही. साप्ताहिक सुट्टीला मालक एकटेच हिशेब करत बसायचे, तेव्हाही नाही.

म्हणजे शॉपफ्लोअर चालू असेल तेव्हाच. मी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला आणि नुसता बसून राहिलो. भिंतीपलीकडे एअर कॉम्प्रेसर होता. टाकीतला दाब उतरला की त्याची मोटर आपोआप सुरू होते आणि सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. एकाच जुन्या लाइनवर सगळं असलं की व्होल्टेज क्षणभर कोसळतं. मोटर गुरगुरली, ट्यूबलाइट फडफडली, यूपीएसमधला रिले टक् वाजला आणि स्क्रीन गेली.

यूपीएस होता, त्याचा हिरवा दिवाही लागलेला होता. म्हणून तर विजेचा संशय कुणालाच आला नाही. आतली 12 व्होल्टची बॅटरी काढली. दिसायला ठणठणीत, मल्टिमीटरवर 12.6. तिला मोटरसायकलच्या हेडलाइटचा बल्ब जोडला आणि आकडा बघता बघता 9च्या खाली आला. या बॅटऱ्या साधारण दोन-तीन वर्षं टिकतात; पत्र्याच्या शेडमधल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहून कमी.

इथेच थांबलो असतो, तर माझं काम फॉरमॅट मारण्यापेक्षा फार वेगळं ठरलं नसतं. नवी बॅटरी जोडली, कॉम्प्रेसरचा ड्रेन कॉक उघडून दाब उतरवला, मोटर सुरू करवली. मशीन चालू राहिलं. पुन्हा केलं, पुन्हा चाललं. मग जुनी बॅटरी परत लावली. मालक वैतागले, ‘‘अहो, झालंय ना चालू? मग परत कशाला बिघडवताय?’’ मोटर उठली, मशीन गेलं. मनात आलं तेव्हा बिघाड घडवता आला आणि थांबवता आला, तरच कारण सापडलं असं मी मानतो. विंडोज टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती, रॅम बदलली त्या आठवड्यात कॉम्प्रेसर दुरुस्तीला गेला होता, हे मालकांनाही मग आठवलं.

कारण न शोधता फॉरमॅट मारणं आजचं नाही. 2000नंतरच्या काही वर्षांत जगभर असंख्य मदरबोर्डांवर खराब कपॅसिटर बसले होते. त्यापायी डेल कंपनीला 2005 साली 30 कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. माथा फुगलेला कपॅसिटर झाकण उघडलं की डोळ्यांना दिसतो. तरी त्या काळात हँग होणारी किती मशीनं नुसती फॉरमॅट झाली असतील!

फॉरमॅटमध्ये जे जातं, त्याची किंमत मोजावी लागते. सातपूरच्या अकाउंट्सच्या ताईंची दोन महिन्यांची बिलं गेली होती आणि चलनांवरून ती त्यांनी पुन्हा भरली होती. काढून ठेवलेली रॅम तपासली, ती चांगली निघाली. स्टोअरच्या मंद चालणाऱ्या संगणकात बसवून दिली. कॉम्प्रेसरला वेगळी लाइन ओढायचं काम इलेक्ट्रिशियनकडे दिलं.