अर्ध्या सेंटाचा हिशेब

न्यूयॉर्क, 1962. घड्याळाच्या वेळा मी जुळवल्या आहेत. जागा, माणसं आणि पैसे खरे.

सकाळी 10:00
सबवेचं भाडं 15 सेंट. 1650 ब्रॉडवे. 'अल्डन म्युझिक' या गाण्यांच्या प्रकाशकाचं ऑफिस इथेच आहे. बॅरी मॅन, वय 23, कामावर येतो. गेल्याच वर्षी त्याचा स्वतःचा आवाज अमेरिकाभर वाजला. 'हू पुट द बॉम्प' हे गाणं 7व्या क्रमांकापर्यंत चढलं. रॉक अँड रोलमधले ते निरर्थक बोल लिहिणाऱ्याचे आभार मानणारं गाणं. त्यानंतर त्याच्या आवाजातलं एकही गाणं पहिल्या 40त येणार नाही. पण त्याची नोकरी गाण्याची नाहीच. चाली बांधण्याची आहे.

10:30
खोली एवढीशी. एक पियानो, एक बाक, शब्द लिहिणाऱ्यासाठी एक खुर्ची. त्या खुर्चीवर सिंथिया वाइल, त्याची बायको. लग्नाला जेमतेम वर्ष झालंय. भिंतीपलीकडे अशाच खोल्या, अशाच जोड्या. कॅरोल किंग आणि गेरी गॉफिन त्यातलेच. पलीकडचा पियानो इकडे ऐकू येतो. मग इकडचा आणखी जोरात वाजतो.

11:15
बॅरी चार सूर धरतो. वर ना-ना-ना गातो. सिंथिया ऐकते, लिहिते, खोडते. शब्द चालीत मावत नाही. चाल थोडी वाकवायची की शब्द बदलायचा? पुन्हा पहिल्यापासून. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. सुतार फळी रंधून, लावून बघून, पुन्हा रंधतो, तसं. जेवणापर्यंत मुखडा उभा राहतो, दुसरं कडवं नाही.

दुपारी 2:00
मालक डॉन कर्शनर ऐकायला बसतो. एखाद्या गाजलेल्या ग्रुपला पुढचं गाणं हवं असलं की सगळ्या जोड्या त्या ग्रुपसाठी लिहितात. निवडलं जातं एकच. बाकीच्यांचा घाम कपाटात जातो.

4:00
डेमो, म्हणजे गायकाला ऐकवायचं नमुन्याचं रेकॉर्डिंग. लहानसा स्टुडिओ, भाडं तासावर. इथे बॅरीचा गळा पुन्हा कामाला येतो. मात्र गायचं ते दुसऱ्यासाठी. ऐकणाऱ्या गायकाला वाटलं पाहिजे की हे आपलंच गाणं. लगेच अ‍ॅसिटेटची तबकडी कापून मिळते. नाजूक असते, जास्त वाजवली की झिजते.

गाणं विकलं गेलं तरी काम संपत नाही. 'ऑन ब्रॉडवे' या दोघांनी आधी मुलींच्या ग्रुपसाठी लिहिलं होतं. मग लायबर आणि स्टोलर या गाणी लिहिणाऱ्या आणि रेकॉर्ड करवणाऱ्या जोडीबरोबर बसून ते मोडलं, पुन्हा बांधलं. 1963मध्ये ते 'ड्रिफ्टर्स'नी गायलं, पुरुषाच्या तोंडून.

संध्याकाळी 6:00
हिशेब. कायद्याने ठरलेला दर एका गाण्याला, एका रेकॉर्डमागे 2 सेंट. 1909पासून तोच. रिवाजाने निम्मा प्रकाशकाचा. उरला एक. चाल आणि शब्द वेगळ्यांचे असतील तर अर्धा-अर्धा. या घरात दोन्ही अर्धे एकत्र येतात. दहा लाख रेकॉर्ड खपल्या तर 10,000 डॉलर. रेकॉर्डच्या मागच्या बाजूच्या गाण्यालाही तेवढेच, कोणी ते ऐको न ऐको.

रात्री 10:30
रेडिओ चालू. अमेरिकेत गाणं रेडिओवर वाजलं की लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. दोन वर्षांनी हे दोघं निर्माता फिल स्पेक्टरबरोबर 'यू'व्ह लॉस्ट दॅट लव्हिन' फीलिन'' लिहितील. विसाव्या शतकात अमेरिकेच्या रेडिओ-टीव्हीवर सर्वाधिक वाजलेलं गाणं म्हणून 1999मध्ये त्याची नोंद होईल. आवाज 'रायटियस ब्रदर्स'चा.

आज मात्र दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ लांब होतेय. सिंथिया एक शब्द खोडते. बॅरी बोटांनी टेबलावर ठेका धरतो आणि ओळ पुन्हा गुणगुणतो.

अजून एक मात्रा जास्त आहे.