ऊन तेच, मग आजार वेगळा का?

मुंबईच्या पारशी समाजात मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे ‘एमएस’चे, रुग्ण लाखात सुमारे 26 असल्याचे 1988 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. तेव्हा उरलेल्या भारतासाठी लाखात एकाच्या आसपास असा अंदाज होता. ऊन तेच, हवा तीच. मग फरक रक्तातला म्हणायचा? तेवढ्यावर भागत नाही. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आशियाई कुटुंबांतल्या, तिथेच जन्मलेल्या मुलांत हे प्रमाण आईवडिलांपेक्षा बरेच वाढून जवळपास ब्रिटिशांइतके झाले. रक्त बदलले नव्हते, बालपण बदलले होते.

या आजारात प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या मायलिन आवरणावरच उलटते. अमेरिकेच्या 1 कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदींवरून 2022 मध्ये दिसले, की एपस्टाइन-बार विषाणूच्या लागणीनंतर धोका 32 पट होतो. हा विषाणू बहुतेक सगळ्यांनाच गाठतो. प्रश्न कधी गाठतो, हा. लाळेतून तो पसरतो. भरल्या घरात, एकमेकांचे उष्टे खात वाढणाऱ्या पोराला तो लहानपणीच गाठतो आणि कळतही नाही. ऐन तारुण्यात गाठला तर ताप, घशाच्या गाठी आणि पुढे एमएसचा वाढीव धोका.

अंगाला ऊन कमी लागणे, हेही एमएसच्या वाढीव धोक्याशी जोडले जाते. कोल्हापूर विषुववृत्तापासून जेमतेम 17 अंशांवर, त्यामुळे उन्हाची ददात नाही. पण क्लासला जाणारी मुलगी तोंडाला स्कार्फ, हातात मोजे, अंगात सनकोट घालून स्कूटीवरून जाते आणि उरलेला दिवस छताखाली काढते. आकाशातले ऊन आणि कातडीला लागलेले ऊन यांचा हिशेब वेगळा मांडायला हवा. किशोरवयातला लठ्ठपणाही धोका वाढवतो.

राहिली तंबाखू. सिगारेट ओढणाऱ्यांत एमएसचा धोका साधारण दीडपट आढळतो. स्वीडनमध्ये तपकिरीसारखी तंबाखू ओठाखाली ठेवणाऱ्यांत मात्र तो वाढलेला दिसला नाही. म्हणून संशोधकांचा संशय निकोटिनपेक्षा धुराने चिडलेल्या फुप्फुसावर आहे. चुना लावून तंबाखू मळणाऱ्यांनी आणि मिश्रीवाल्या आज्यांनी यात सुटकेचा श्वास टाकू नये, तोंडाच्या कॅन्सरचा धोका त्यांना आहेच. शिवाय स्वतः न ओढता घरातला धूर वर्षानुवर्षे सोसणाऱ्यांतही एमएसचे प्रमाण थोडे जास्तच आढळले आहे.