सेकंदाचा शंभरावा भाग

वसई-विरारमध्ये संध्याकाळी सोसायटीच्या आवारात चाकाचे बूट घालून पळणारी मुलं आपण रोज पाहतो. त्यांचे पालक मला विचारतात, "यात पुढे काय आहे हो?" मी त्यांना एक शर्यत सांगतो.

२ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांची ३००० मीटर रिले. दक्षिण कोरियाचा जंग चेओल-वॉन शेवटी सर्वांत पुढे होता. जिंकलोच, असं समजून त्यानं रेषेच्या अलीकडेच दोन्ही हात उंचावले. मागून तैवानच्या ह्वांग यू-लिननं पाय पुढे टाकला. या खेळात धावण्याच्या शर्यतीसारखी छाती मोजत नाहीत. बुटाचं पुढचं चाक रेषेला आधी कोणाचं लागलं ते पाहतात. सुवर्ण तैवानचं, फरक ०.०१ सेकंद! कोरियात आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या पुरुषाला सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते. ते हात किती महाग पडले बघा.

ही गोष्ट जगभर गाजली. त्याच शर्यतीत तिसरे कोण आले? आपण! वेळ ४ मिनिटं १०.१२८ सेकंद. संघात आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार आणि महाराष्ट्राचे दोघे, सिद्धांत कांबळे व विक्रम इंगळे. आपल्या महिलांनीही त्याच दिवशी रिलेत कांस्यपदक मिळवलं.

या रिलेत हातात दांडी द्यायची नसते. पुढचा खेळाडू आधीच वेग घेत असतो, मागून येणारा त्याला ढकलून आपला वेग त्याच्या अंगात घालतो. हात चुकीच्या जागी बसला तर तोल गेलाच. वेगाचं गुपितही पाय मागे मारण्यात नाही. गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून पाय बाजूला रेटायचा असतो. दिसायला सोपं, पण मांड्या पेटतात! मुलं ताठ उभी राहून पळतात, ते इथेच कमी पडतात. त्यात आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने. ओल्या जमिनीवर चाक पकड घेत नाही आणि बेअरिंग गंजतात.

आता खरं सांगायचं तर चाकांवरचं वेगवान स्केटिंग ऑलिंपिकमध्ये नाही. बर्फावरचं आहे. अमेरिकेचा चॅड हेड्रिक चाकांवरून बर्फावर गेला आणि २००६ मध्ये ट्यूरिनला ५००० मीटरचं सुवर्ण घेऊन आला. आपल्याकडे बर्फ कुठून आणायचा?

तरीही त्या रिले संघातला तमिळनाडूचा आनंदकुमार थांबला नाही. २०२१ मध्ये कनिष्ठ गटाचं जागतिक रौप्य त्यानं मिळवलं होतंच. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधल्या बेदाइहे इथे तो १००० मीटरमध्ये जगज्जेता झाला. असा पहिला भारतीय. त्याच स्पर्धेत त्यानं ५०० मीटरचं कांस्य घेतलं आणि ४२ किलोमीटरची मॅरेथॉनही जिंकली.