पान उजेडाकडे धरा

अमरिलिसच्या पानांवरच्या लाल चट्ट्यांबद्दल आज लिहिणार होतो, ते आता पुढच्या रविवारी. चिपळूणच्या एका वाचक ताईंनी स्पायडर लिलीचं एक पान कुरिअरनं पाठवलं आणि ते पाहिल्यावर दुसऱ्या विषयात मन लागेना. सोबतच्या चिठ्ठीत त्या लिहितात, ‘पानं कागदासारखी पांढरी पडत चालली आहेत. दोनदा बुरशीनाशक फवारलं, काही उपयोग नाही. सगळे कांदे उपटून टाकू का?’

वीतभर लांबीचं पान. शेंड्याकडचा चार बोटं भाग पांढुरका, कांद्याच्या सालीसारखा पातळ. वरवर पाहिलं तर कुणालाही बुरशीच वाटावी. मी ते खिडकीशी नेलं आणि उजेडाकडे धरलं. त्या पांढऱ्या भागाच्या आत काळ्या रेघा दिसल्या, आणि त्या हलत होत्या. नखानं वरचा पापुद्रा सोलला, तर आत तांदळाच्या दाण्याहून बारीक अकरा अळ्या आणि त्यांची काळपट, ओलसर विष्ठा. पानाचा वरचा पापुद्रा शाबूत, खालचाही शाबूत. मधला हिरवा गर तेवढा फस्त.

ताईंचं बुरशीनाशक का लागू पडलं नाही, हे इथेच कळतं. एक तर ही बुरशी नव्हे. आणि अळीचं औषध मारलं असतं तरी ते वरच्या पापुद्र्यावरच राहिलं असतं. अळी खाते आतला गर.

या अळ्या पतंगांच्या. आपल्याकडे लिलीवर मुख्यतः दोन जातींचे पतंग येतात, आणि दोघांच्याही शास्त्रीय नावात त्यांचं खाणं लिहिलेलं आहे. एक पॉलिटेला ग्लोरिओसी. ग्लोरिओसा म्हणजे आपली कळलावी, तिच्यावरून हे नाव. दुसरा ब्रिथिस क्रिनी. क्रायनम म्हणजे नागदवण्याच्या कुळातली ती भरदार लिली, तिच्यावरून हे. पहिल्याचा पतंग लाल, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांचा, अगदी नक्षीदार; त्याला पाहून बागेवर संकट आलंय असं कुणाच्या मनातही येणार नाही. दुसरा काळपट, सहसा नजरेतही न भरणारा. मादी पानावर पुंजक्यानं अंडी घालते, म्हणून अळ्याही घोळक्यानंच निघतात. पान पोखरून आत राहण्याची खोड विशेषतः या दुसऱ्याच्या पिल्लांना. मोठ्या झाल्या की त्या बाहेर येतात आणि कडेपासून पान कुरतडत खाली सरकतात. वेळीच आवरल्या नाहीत, तर थेट कांद्यात शिरतात.

मला या अळ्यांचं कुतूहल वाटतं ते त्यांच्या जेवणामुळे. कळलावीत कोल्चिसिन असतं, स्पायडर लिली आणि अमरिलिसच्या कुळात लायकोरिन. दोन्ही विषारी. कांदा चुकून पोटात गेला तर माणसाला उलट्या होतात. या अळ्या मात्र त्याच पानांवर पोसतात. अंगावर पांढरे-पिवळे ठिपके मिरवत भर दिवसा पानावर बसतात. ते रंग म्हणजे पाखरांना दिलेली ताकीदच. त्यामुळे बुलबुल किंवा दयाळ येऊन अळ्या टिपेल, या भरवशावर राहू नका. हे काम आपल्यालाच करायचं आहे.

आणि ते हातानं होतं. पावसाळा सुरू झाला की एक दिवसाआड सकाळी पानं उलटून पाहा. अंड्यांचा पुंजका दिसला तर बोटानं पुसून काढा. पांढरा पापुद्रा दिसला तर चार बोटं खालून पान कापा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. कापलेलं पान कंपोस्टमध्ये टाकू नका. काही मोठ्या अळ्या पानांच्या बेचक्यात, कांद्याच्या मानेशी दडून बसतात; तिथे बोट घालून पाहायलाच हवं. हातमोजे घाला. वेचणं झालं की मग फवारणी: लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, तेही संध्याकाळी. बीटी या जैविक कीटकनाशकाची पावडर बाहेर येऊन खाणाऱ्या लहान अळ्यांवर चांगली चालते, कारण ती पानाबरोबर पोटात जावी लागते. शेवटी कुंडीतली वरची माती खुरप्यानं हलवा. अळी कोष करायला मातीतच उतरते, आणि तो कोष राहिला तर पुढची पिढी ठरलेली.

उजेडाकडे पान धरायची सवय इतर वेळीही उपयोगी पडते. उन्हानं भाजलेला भाग पांढुरका असतो, पण कोरडा. आत विष्ठा नसते, आणि तो उन्हाच्या बाजूलाच असतो. सावलीतली कुंडी एकदम गच्चीवर नेली की असं होतं. पानभर फिकट-गडद हिरव्या पट्ट्या दिसल्या, तर तो बहुधा मोझॅक विषाणू. त्याला औषध नाही. ते झाड कांद्यासकट काढावं आणि कात्री स्पिरिटनं पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये. गोगलगाईनं खाल्लेल्या पानाला भोकं पडतात आणि जवळपास चकाकणारा चिकट माग दिसतो.

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. कांदे उपटू नका. कांद्याच्या मानेजवळची माती थोडी सारा आणि कांदा अंगठ्यानं दाबून पाहा. टणक लागला तर झाड जिवंत आहे, नवी पानं येतील. मऊ लागला, पाणी सुटलं, वास आला, तर मात्र तो काढावा. पानं गेलेल्या झाडाला लोक मायेनं जास्त पाणी घालतात, आणि अळीपासून वाचलेला कांदा कुजतो. पान नसेल तर झाड पाणी ओढत नाही. म्हणून नवा कोंब दिसेपर्यंत कुंडी पागोळीपासून दूर, आडोशाला ठेवा आणि खताला हात लावू नका.

पुढच्या रविवारपर्यंत एक काम करा. अमरिलिसच्या पानावर लाल चट्टा असेल, तर तो शेंड्यापासून सुरू झालाय, मध्येच खरचटल्या जागी आहे, की पान कांद्यातून निघतं तिथून वर चढतोय, हे लिहून ठेवा. लाल रंग दिसला म्हणजे रोगच, असं नसतं. नुसत्या जखमेलाही अमरिलिसचं पान लाल होतं. चट्टा कुठून निघाला, तिथूनच पुढचा भाग सुरू करू.