धंद्यातील जोखमीचे गणित : ‘एफआरएम’ परीक्षेची ओळख

‘फायनान्शियल रिस्क मॅनेजर’, थोडक्यात ‘एफआरएम’, या परीक्षेचे नाव आपल्याकडे फारसे ऐकिवात नाही. अकोला-अमरावतीकडची कॉमर्सची मुले सी.ए., बँकेची परीक्षा, फार तर एम.बी.ए. यापलीकडे सहसा जात नाहीत. पण या परीक्षेचा जो विषय आहे, तो वऱ्हाडातील व्यापाऱ्याला अजिबात परका नाही. भाव पडला तर काय, उधारी बुडाली तर काय, ऐन वेळी रोकड हाती नसली तर काय, हे तीन प्रश्न ज्याला पडले नाहीत असा दुकानदार शोधून सापडणार नाही. याच प्रश्नांचे शास्त्र करून त्यावर परीक्षा घेतली जाते.

वऱ्हाडने हे शास्त्र पुस्तकाआधीच अनुभवले आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या पैशावर शेअरचा बाजार फुगला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला आणि त्यापाठोपाठ मुंबईतील पेढ्या व बँका बसल्या. पुढे १८७५ मध्ये मुंबईत बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन होऊन कापसाच्या वायद्याला शिस्त लागली. वायदा, हाजर, तेजी-मंदी हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होते. आज इंग्रजी पुस्तकात ‘ऑप्शन’ म्हणून जे शिकवतात, ते तेजी-मंदीचेच सौदे होत.

ताजे उदाहरण हवे असेल तर मे २०२२ घ्या. रुईचा भाव खंडीला एक लाख रुपयांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात तोच भाव परत येईल या आशेने विदर्भातील अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला. भाव आला नाही. ज्यांनी व्याजाच्या पैशावर माल धरला होता, त्यांचे नुकसान दुहेरी झाले.

आता परीक्षेकडे वळू. ‘ग्लोबल असोसिएशन ऑफ रिस्क प्रोफेशनल्स’ ही अमेरिकेतील संस्था १९९६ मध्ये स्थापन झाली आणि १९९७ पासून ती ही परीक्षा घेते. परीक्षेचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात १०० प्रश्न, दुसऱ्यात ८०, आणि प्रत्येकाला चार तास. सर्व प्रश्न पर्यायी उत्तरांचे, भाषा इंग्रजी. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. बसण्यासाठी पदवीची अट नाही. मात्र दोन्ही भाग उत्तीर्ण झाल्यावर या क्षेत्रातील दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. पहिला भाग झाल्यावर चार वर्षांत दुसरा पार करावा लागतो.

पहिल्या भागात जोखमीची मूलतत्त्वे, संख्याशास्त्र, बाजार व त्यातील सौद्यांचे प्रकार, आणि मूल्यमापन असे चार विषय आहेत. आपल्या मुलांना अडते ते संख्याशास्त्रात. ते वाटते तितके अवघड नाही, हे एका हिशेबावरून दिसेल.

समजा एका व्यापाऱ्याकडे २०० गाठी पडून आहेत. १७० किलोची गाठ धरली तर ३४,००० किलो रुई, म्हणजे ३५५.५६ किलोच्या खंडीने सुमारे ९५.६ खंडी. भाव ६०,००० रुपये खंडी धरला तर माल झाला सुमारे ५७ लाख ३७ हजारांचा. भावाची रोजची सरासरी हालचाल एक टक्का आहे असे मानू. मग ५७,३७० ला १.६५ ने गुणायचे; उत्तर येते साधारण ९५ हजार. अर्थ असा की, वीस दिवसांपैकी एकोणीस दिवस या व्यापाऱ्याचे एका दिवसातील नुकसान ९५ हजारांच्या आत राहील. यालाच ‘व्हॅल्यू अॅट रिस्क’ म्हणतात. पण उरलेल्या त्या विसाव्या दिवशी किती जाईल, हे हा आकडा सांगत नाही. दोन लाखही जातील, दहाही जातील. परीक्षेत नेमके यावरच फिरवून प्रश्न येतात, आणि बाजारातही माणूस इथेच बुडतो.

उधारीचे गणित तर आणखी सोपे. पाच लाखांची उधारी आहे, बुडण्याची शक्यता शंभरात चार, आणि बुडालीच तर निम्मी रक्कम वसूल होईल असा अंदाज आहे. पाच लाख गुणिले चार टक्के गुणिले निम्मे, म्हणजे दहा हजार रुपये. एवढी रक्कम मालाच्या किमतीत आधीच धरलेली असली पाहिजे. फर्निचरवाले, कापडवाले, हार्डवेअरवाले यांनी परीक्षा न देताही हा हिशेब एकदा आपल्या खातेवहीवर करून पाहावा.

तिसरी गोष्ट रोकडीची. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. खात्यात लाखो असून हातात काही नाही, ही ती ‘लिक्विडिटी’ची जोखीम.

आणि चौथी, जी आपण सर्वांत कमी मनावर घेतो, ती कामकाजाची. १७६२ मध्ये सुरू झालेली लंडनची बेअरिंग्ज बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये बुडाली. तिच्या सिंगापूर शाखेतील निक लीसन हा सौदेही करत होता आणि त्या सौद्यांची नोंदही त्याच्याच हाताखाली होत होती. तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांवर गेला आणि बँक एका पौंडाला विकली गेली. मुनीम आणि गल्ला एकाच हातात देऊ नये, हे सांगायला लंडनला जाण्याची गरज नव्हती.

वायद्याने जोखीम कमी होते, हे खरे आहे, पण अर्धेच. वायद्यातल्या रुईची जात व धाग्याची लांबी आपल्या मालाशी जुळेलच असे नाही. शिवाय वायदाच बंद पडू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन व हरभऱ्याचे वायदे ‘सेबी’ने स्थगित केले. २०२२ मध्ये कापसाचे नवे करार थांबले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते नव्या स्वरूपात पुन्हा आले. वायद्यात केवळ भावाचा फरक घेणे शरीयतनुसार जाइज आहे की नाही, हा प्रश्न उलमांकडे न्यावा. एवढे मात्र सांगता येईल की, पूर्ण किंमत आगाऊ देऊन, मालाचे प्रमाण, प्रत व मुदत ठरवून करायचा ‘सलम’चा व्यवहार फिक्हच्या ग्रंथांत सविस्तर आला आहे, आणि तोही पुढच्या भावाची जोखीम दोघांत वाटून घेण्याचाच मार्ग आहे.

ही परीक्षा कोणी द्यावी? ज्याला मुंबई-पुण्याच्या बँकेत, विमा कंपनीत किंवा वित्त कंपनीत नोकरी करायची आहे, त्याने. शुल्क डॉलरमध्ये असते आणि ते आपल्या घरांना जड जाते, म्हणून नुसत्या हौसेने बसू नये. ज्याला अडत किंवा जिनिंगच सांभाळायचे आहे, त्याला ‘सेबी’ने स्थापन केलेल्या ‘एनआयएसएम’ची कमोडिटी डेरिव्हेटिव्ह्जची परीक्षा पुरेशी आहे. तिचा खर्च त्या मानाने अगदी थोडा. मात्र तेथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते.

एफआरएमच्या एका भागासाठी दोनशे ते अडीचशे तासांचा अभ्यास धरावा. रोज फजरनंतर दीड तास दिला तरी पाच महिने लागतात. प्रश्न सोडवताना परीक्षेत चालणारे फायनान्शियल कॅल्क्युलेटर पहिल्या दिवसापासून वापरावे. मोबाइलवर हिशेब करण्याची सवय तेथे उपयोगी पडत नाही. परीक्षा मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये होतात. नोव्हेंबरमध्ये कापसाची आवक जोरात असते आणि घरातला मुलगा काट्यावर हवा असतो. म्हणून व्यापारी घरातल्या मुलाने मे महिना धरावा आणि डिसेंबरपासून पुस्तक उघडावे.